न पाहिलेली तोंडं

त्या वस्तीवर मी गेलो नव्हतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे लिहिणार आहे ते डॉक्टरबाईंविषयी आहे, आणि त्यांच्याविषयी लिहिताना मला लपायला जागा फार सापडतात. त्या जागा मी तेरा वर्षं वापरल्या.

एप्रिल महिना होता. माळावरच्या वस्तीत जाऊन मला एकतीस माणसांचे दात बघायचे होते आणि प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा होता. मोटारसायकल काढून निघालो आणि वाटूर फाट्यावर चहाला थांबलो. तिथून वस्ती तासाभराची, शेवटचा रस्ता नुसता दगडांचा. हॉटेलात डोक्यावर पंखा होता, पुढ्यात भज्यांची प्लेट होती आणि मोबाइलमध्ये अंगणवाडीच्या रजिस्टरचा फोटो होता. त्यात वस्तीतल्या सगळ्यांची नावं आणि वयं होती. टेबलावरचं पाणी पुसून मी फॉर्म मांडले आणि दोन तासांत एकतीस तोंडं भरून टाकली. सगळ्यांचे दात मी चांगले लिहिले. चांगले लिहिले की कुणी काही विचारत नाही, एवढा अनुभव नोकरीत आला होता. ऊन होतं. याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही. बरीच शोधून पाहिली.

तेव्हा मी एका ग्रामीण रुग्णालयात आरोग्यसेवक होतो आणि डॉक्टरबाई तिथल्या दातांच्या डॉक्टर. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या. सुती साडी आणि पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. शेतकरी रात्री पाणी द्यायला जाताना डोक्याला बांधतात तो दिवा त्या दिवसाढवळ्या बांधून फिरायच्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, बाई विहिरीत उतरायला निघाल्यात. त्यांचे वडील जालन्यात शाळामास्तर होते. बौद्ध वस्तीतल्या दोन खोल्यांत पाच भावंडं त्यांनी शिकवली. त्यांच्याकडून आपल्याला एकच गोष्ट मिळाली, असं बाई म्हणायच्या. कुणी म्हणालं "होईल की बाई, बघू," की विचारायचं, "किती तारखेला?"

माणसांच्या डोळ्यांत बघून बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या तोंडाकडे बघायच्या. समोरचा रडत असो की भांडत असो, बाईंचं लक्ष त्याच्या दाढांवर. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, दात मात्र राहायचे. एकदा जालन्याच्या स्टँडवर एका माणसाने वाकून नमस्कार केला. बाई कोऱ्या चेहऱ्याने बघत राहिल्या. त्याने नाव सांगितलं, गाव सांगितलं, तरी काही नाही. शेवटी तो ओशाळून हसला, आणि बाई ओरडल्याच, "अरे, वरचा समोरचा तुटका! केदारखेड्याचा ना तू? खालची दाढ काढायची राह्यली तुझी. कामून आला न्हाईस परत?" सगळा स्टँड त्या माणसाकडे बघायला लागला. एस.टी. सुटायला आली तरी त्यांनी त्याला सोडलं नाही. सोमवारी दवाखान्यात यायचं कबूल करून घेतलं तेव्हाच चढल्या.

गावोगाव जाऊन दात तपासायचे म्हणजे सामान लागायचं. एक प्लास्टिकची खुर्ची, तोंडात घालायचे छोटे आरसे, आणि सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे कुकर. पाच लिटरचा साधा कुकर आणि छोटी गॅसची शेगडी. वापरलेले आरसे त्या ब्रशने घासायच्या, कुकरमध्ये लावायच्या आणि घड्याळ बघून वीस मिनिटं शेजारी उभ्या राहायच्या. आष्टीच्या बाजारात पहिल्यांदा कुकरची शिट्टी झाली तेव्हा भाजी विकणारी एक म्हातारी म्हणाली, "बाई, डाळ टाकली का भात?"

"दुसऱ्याची थुंकी शिजायला टाकली, मावशी," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या तोंडात जाऊ नये म्हणून."

म्हातारीने पदर तोंडाला लावला. मग स्वतःच खुर्चीत येऊन बसली.

मिश्री लावणाऱ्या बायांना त्या रागावत नसत. तपासणीला आलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी "सोडा, कॅन्सर होईल" असं दरडावलं की बाया माना हलवायच्या आणि घरी जाऊन पुन्हा बोट फिरवायच्या. बाई मात्र सौदा करायच्या. "दिवसातून कितीदा?" "चारदा." "तीनदा करा. पुढच्या महिन्यात मी येणार हाये, तव्हा दोनदा." आणि त्या खरंच पुढच्या महिन्यात जायच्या, बरोबर त्याच दाराशी. बाया म्हणायच्या, उधारी वसुलीवाला परवडला.

एका शाळेत त्यांनी हट्ट धरला की आधी मास्तरांचे दात बघणार, तेही पोरांसमोर. मुख्याध्यापक चिडले. "मॅडम, तपासणी विद्यार्थ्यांची आहे."

"सर, पोरं तुमच्या तोंडाकडे बघूनच शिकतात. मी पण तिथूनच सुरू करते."

पोरं खिदळली. मुख्याध्यापकांनी नाइलाजाने तोंड उघडलं. सगळ्यांना वाटलं, आता गुटख्यावरून जाहीर पंचनामा होणार. बाईंनी आत बघितलं, थोडा वेळ जास्तच बघितलं, आणि मोठ्याने म्हणाल्या, "छान. पुढचं कोण?" नंतर ऑफिसात दार लावून त्यांना सांगितलं की गालाच्या आत पांढरा डाग आहे, संभाजीनगरला जाऊन तुकडा तपासायला द्या. मुख्याध्यापक म्हणाले, बघू. बाई म्हणाल्या, "किती तारखेला?" पुढे दर सोमवारी सकाळी त्या दवाखान्याआधी शाळेत जाऊन त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसायच्या. काही बोलायच्या नाहीत. पाचव्या सोमवारी मुख्याध्यापक त्यांना चुकवायला संभाजीनगरच्या गाडीत बसले. त्या माणसाचा गाल वेळेवर वाचला. अजून तो बाईंना दिवाळीला फोन करतो आणि अजून शिव्याही देतो.

माझं त्यांच्याकडे काम लेखनिकाचं. दात तपासताना डॉक्टरचे हात तोंडात असतात, म्हणून बाजूला बसून कुणीतरी लिहावं लागतं. बाई एकेक दात बघून आकडा सांगायच्या. चांगल्याला शून्य, किडलेल्याला एक, पडलेल्याला "नाही". मी तो आकडा मोठ्याने परत म्हणायचा, त्यांनी "हं" म्हटलं की मगच लिहायचा. एका तोंडाला बत्तीस वेळा हे चालायचं. दिवसभर आम्ही दोघं भजनातल्यासारखे आकडे म्हणत बसायचो. "लेखनिकानं डोकं घरी ठेवून यायचं," त्या म्हणायच्या, "आणि दोन्ही कान घेऊन यायचं." मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. लेखनिकच म्हणायच्या.

त्या वर्षी काम वेगळं होतं. आमच्या भागातल्या काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, अशी शंका होती. असं पाणी लहानपणी पोटात गेलं की हिरडीच्या आत तयार होणारे पक्के दात बिघडतात आणि बाहेर येतात ते पिवळे-तपकिरी पट्टे घेऊनच. मग आयुष्यभर घासले तरी ते जात नाहीत. सगळ्या बोअरचं पाणी एकदम तपासायची सोय नव्हती. तेव्हा ठरलं असं की ज्या वस्तीतल्या मुलांच्या दातांवर डाग जास्त, तिथलं पाणी आधी तपासायचं आणि तिथं नळाची लाइन आधी न्यायची. म्हणजे दात बघून पाणी शोधायचं. ही कल्पना बाईंचीच. वरच्यांना ती पटवायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

सगळ्या वस्त्या एकट्या बाईंना होणार नव्हत्या. म्हणून छोट्या वस्त्या त्यांनी माझ्यावर सोपवल्या. डाग कसा ओळखायचा ते दोन दिवस शिकवलं, हातात आरसा आणि डोक्याचा दिवा दिला. बाईंचा नियम होता की निदान चार तोंडं स्वतः परत बघितल्याशिवाय फॉर्मवर सही करायची नाही. माझे माळावरचे फॉर्म आले त्या संध्याकाळी कागद जालन्याला पोचवायचे होते. त्यांनी गठ्ठा हातात धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू बघितलं ना? मंग बराबर असेल." आणि एकतीस सह्या केल्या. मी शेजारी उभा राहून शाई वाळायला एकेक कागद बाजूला ठेवत होतो.

तीन महिन्यांनी नळ आधी मिळणाऱ्या वस्त्यांची यादी निघाली. तालुक्याला सभागृहात बैठक होती, गावोगावची माणसं आली होती. माळावरच्या वस्तीतून एक म्हातारे धनगर आले होते, त्यांना सगळे आबा म्हणायचे. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्यांनी उभं राहून विचारलं, "साहेब, आमच्या वस्तीचं नाव कामून न्हाई?"

बैठक घेणाऱ्या साहेबांनी कागद चाळले. "तुमच्याकडे तपासणी झाली आहे, बाबा. दातांचा त्रास निरंक."

"कोन आल्तं तपासायला?"

"डॉक्टर आले होते. नाव काय तुमचं?" साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याचं समाधान करावं. त्यांनी आबांचा फॉर्म शोधून वाचला. "हे बघा. वय सत्तर. दात बत्तीस. सगळे उत्तम."

साहेबांकडे पाठ करून आबा सभागृहाकडे वळले आणि त्यांनी तोंड उघडलं. आत एकही दात नव्हता.

"पंधरा साल झाले, भाकर कालवून खातो मी," ते म्हणाले. "बत्तीस दात कुठं ठिवलेत तेवढं दावा. मला बी पाह्यजेत."

सभागृह हसलं. साहेबही हसले, मग हसायचे थांबले आणि त्यांनी तो कागद बाईंपुढे सरकवला. बाई पहिल्या रांगेत होत्या. मी मागून दुसऱ्या. फॉर्मवर लिहिणाऱ्याचं नाव नसायचं, फक्त डॉक्टरची सही. पण अक्षर माझं होतं आणि ते अक्षर बाईंइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या कागद किती वेळ बघत होत्या मला सांगता येणार नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"सही माझी आहे," त्या उभ्या राहून म्हणाल्या. "मी न बघता केली. चूक माझी."

"म्हणजे तुम्ही तिथं गेलाच नव्हता?"

"नव्हते."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. मी खुर्चीत बसून राहिलो. उठायला चार सेकंद पुरले असते.

बाकीच्या गावांचे फॉर्म थोडे परत तपासून मंजूर झाले. माळावरच्या वस्तीवर शेरा पडला: नव्याने तपासणी करून प्रस्ताव पाठवावा. बाईंना नोटीस मिळाली आणि ते काम त्यांच्याकडून काढून घेतलं. ते दुसऱ्या कुणाकडेही दिलं नाही. म्हणजे वस्तीचा कागद कुठेच नव्हता. परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. उतरताना एवढंच म्हणाल्या, "रविवारी मोकळा हायेस का?"

रविवारी आम्ही वस्तीवर गेलो. ती वस्ती मी पहिल्यांदाच बघत होतो. आठ-दहा घरं, मेंढ्यांचे वाडे, मधे लिंबाचं झाड आणि झाडाजवळ ती बोअर. मी झाडाखाली खुर्ची मांडायला गेलो तेवढ्यात आबांची सून पुढे आली. कडेवर दीड वर्षांची मुलगी, भाकरीचा तुकडा चघळत होती. बाईंची बातमी वस्तीत आधीच पोचली होती.

"आता किती लिवता, बाई? छत्तीस?" ती म्हणाली. मागच्या बाया हसल्या. "घरात बसून दात मोजता तुमी. आमच्या पोरींना बघायला येत्यात ना, त्ये म्हणत्यात, माळावरची का? आधी हसून दाव. आन् तुमी लिवलं, समदं चांगलं. उचला ती खुर्ची."

"बरोबर आहे तुमचं," बाई म्हणाल्या.

"बराबर हाये तर मंग आल्या कशाला?"

बाई तिच्या कडेवरच्या मुलीकडे बघत होत्या. "हिच्यासाठी. हिचे पुढचे पक्के दात आत्ता हिरडीत बनून राह्यलेत. ह्या पाण्यावर. बाहेर यायला अजून पाच-सहा वर्षं हायेत, पण बनून राह्यलेत आत्ता."

"जा वो, बाई. जावा."

खुर्ची माझ्या हातात होती. मी तिच्या पाठीचे दोन्ही कोपरे घट्ट धरून उभा होतो आणि जमिनीकडे बघत होतो. त्या वेळी मी एक वाक्य बोललो असतो तर ती बोलणी बाईंना खावी लागली नसती. फॉर्म खोटे भरले हे मी उन्हाच्या नावावर टाकू शकतो. हे कशाच्या नावावर टाकू? त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं, वाराही गार होता.

पुढच्या रविवारी बाई परत गेल्या. त्याच्या पुढच्याही. त्या झाडाखाली खुर्ची मांडायच्या, कुकर लावायच्या, वीस मिनिटं मोजायच्या, मग स्वतः दगडावर बसून राहायच्या. कुणी यायचं नाही. शेळ्या येऊन खुर्ची चाटायच्या. दुपारी आम्ही भाकरी सोडायचो, चार वाजता निघायचो. मला वाटायचं, आज तरी त्या म्हणतील, बस झालं. एकदा मीच म्हणालो, "मॅडम, हे लोक नाही ऐकणार."

"त्यांनी कामून ऐकावं?" त्या म्हणाल्या. "आपण अजून काही केलंच न्हाई. नुसते येऊन राह्यलो."

सातव्या की आठव्या रविवारी आबा काठी टेकत आले. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "घ्या. लिवा. शून्य दात. झालं का?"

"असं नसतं, आबा," बाई म्हणाल्या. "आ करा."

त्यांनी डोक्याचा दिवा लावला, गरम करून निवलेला आरसा घेतला आणि वरच्या उजव्या बाजूच्या शेवटापासून सुरुवात केली. "नाही."

मी म्हणालो, "नाही."

"हं. नाही."

"नाही."

त्या रिकाम्या तोंडातल्या प्रत्येक जागेवर त्यांनी आरसा नेला आणि प्रत्येक वेळी मी ऐकलेलं परत म्हणालो. सुरुवातीला पोरं हसत होती, बाया दारातून बघत होत्या. दहाव्या-बाराव्या "नाही"ला हसणं थांबलं. हिरड्या दाबून बघितल्या, जिभेखाली बघितलं, गाल बघितले. बत्तीस वेळा "नाही" म्हणताना माझा आवाज दोनदा बसला. बाईंनी दोन्ही वेळा मला ते परत म्हणायला लावलं. शेवटी त्यांनी फॉर्म आबांच्या हातात दिला. आबांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी बत्तीसही रकान्यांवरून बोट फिरवलं.

"आता बराबर हाये," ते म्हणाले आणि मागे वळून ओरडले, "या रे! बसा एकेक!"

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत आम्ही वस्ती तपासली. सात-आठ वर्षांच्या वरच्या जवळजवळ सगळ्या मुलांच्या दातांवर पट्टे होते. हे बघायला शिकण्याचीसुद्धा गरज नव्हती. दारात उभं राहून दिसलं असतं.

त्यानंतरचं बाईंचं वागणं म्हणजे दर सोमवारी एका नव्या ऑफिसात जाऊन बसणं. पाण्याचा नमुना, नमुन्याचा अहवाल, अहवालाचं पत्र, पत्राचं स्मरणपत्र. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, किती तारखेला? एका बाबूने वैतागून सांगितलं, "मॅडम, तुम्ही दातांच्या डॉक्टर ना? मग पाण्याचं काय लावलंय?" बाईंनी त्याला तिथेच आ करायला लावलं आणि त्याच्या दोन किडक्या दाढा टेबलावरच्या पॅडवर चित्र काढून दाखवल्या. त्याने दुसऱ्या दिवशी पत्र टाइप करून दिलं.

फाइल चालेपर्यंत लहान लेकरांना तरी गावातल्या विहिरीचं पाणी पाजा, असं त्या बायांना सांगायच्या. विहीर दोन मैल. आबांच्या सुनेने वर्षभर डोक्यावरून एक हंडा वेगळा आणला, फक्त त्या मुलीसाठी. मग दुसरं बाळंतपण आलं, ऊसतोडीचा हंगाम आला, आणि तो हंडा बंद झाला. तिला कुणी काही म्हणू शकत नाही. मी तर मुळीच नाही.

नळ आला तो चौथ्या वर्षी. बोअरवर लाल रंगाने फुली मारली. बाई त्या दिवशी वस्तीवर होत्या. त्यांनी भाषण केलं नाही. आबांच्या नातीला खुर्चीत बसवून तोंडात बघितलं, ती तेव्हा साडेपाच वर्षांची होती. दुधाचे दात पांढरेशुभ्र होते. सगळे टाळ्या वाजवत होते. बाईंनी दिवा विझवला आणि मला हळूच म्हणाल्या, "उशीर झाला. दीड ते चार, ह्या वयात पाणी बदलायला पाहिजे होतं." पुढच्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या.

मी मात्र नोकरीत वर चढलो. आता माझ्या हाताखाली माणसं आहेत. गेल्या हिवाळ्यात एका शाळेत दहावीच्या मुलींची तपासणी होती. रांगेत एक मुलगी तोंडावर हात धरून उभी होती. नाव वाचल्यावर मी ओळखलं, आबांची नात. माझ्या हाताखालच्या मुलीने तिला "तोंड उघड" म्हटलं तर ती मान हलवून म्हणाली, "बघू नका, मॅडम. न बघताच लिहा. चालतंय."

मी त्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि जालन्याला गेलो.

बाई आता पासष्टीच्या पुढे आहेत, गुडघे धरलेत. दार उघडल्या उघडल्या माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "खालची डावी दाढ काढली का? कधी?" मी सांगितलं. मग बसलो, आणि चहा व्हायच्या आत सगळं सांगून टाकलं. फाटा, पंखा, भजी, सभागृह, वस्ती.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुझं अक्षर मला अंधारात पण ओळखू येतं."

"मग तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत, मॅडम?"

"मी माझं बोलले. तुझं मी कामून बोलू?" त्यांनी माझ्यापुढे बिनसाखरेचा चहा ठेवला. "आणि हे मला सांगून काय उपयोग? मला फसवलंस ते सोड. मी न बघता सही केली, ते मी फेडलं. तुझं देणं तिकडे माळावर हाये."

"तुम्ही येता का बरोबर?"

"न्हाई. गुडघे चांगले असते तरी न्हाई." मग नेहमीसारखं, "किती तारखेला जातोस?"

मी रविवार सांगितला आणि रविवारी गेलो. रस्ता आता डांबरी आहे. आबा दोन वर्षांमागे गेले. त्यांना सांगायचं राहिलं, ते आता कायमचं राहिलं. त्यांची सून ओट्यावर शेंगा फोडत होती, नात पुस्तक घेऊन भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्या दोन बायाही आल्या. मी उभ्यानेच सांगितलं. ते एकतीस फॉर्म डॉक्टरबाईंनी नाही, मी भरले होते. मी इथे आलोच नव्हतो. पुढे तुम्ही त्यांना बोललात तेव्हा मी शेजारीच होतो आणि गप्प बसलो.

सुनेचे हात थांबले. "तुमी तव्हा खुर्ची धरून उभे व्हते."

"होतो."

"आन् आमी त्या बाईला काय काय बोल्लो." तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "तोंड न्हवतं का तुमाला?"

शेजारच्या बाया उठून गेल्या नाहीत, हेच मला खूप वाटलं.

मग मुलीने पुस्तक मिटलं. तोंडावर हात होता, आवाज हातामागून आला. "त्या कागदात माझं नाव होतं का?"

"नव्हतं. तू फार लहान होतीस, लहानांचे फॉर्म भरत नव्हतो," मी म्हणालो. "पण तुझे हे दात तेव्हा आत तयार होत होते. मी त्या दिवशी फाट्यावरून पुढे आलो असतो, तुझ्या वस्तीतल्या मोठ्या पोरांची तोंडं बघितली असती, तर पाणी बहुतेक पुढच्याच वर्षी बदललं असतं. तुझ्या दातांवर जे आहे त्यातलं बरंचसं माझ्यामुळे आहे. तुझ्या आईमुळे नाही, डॉक्टरबाईंमुळे नाही, नशिबामुळे नाही. मी आलो नाही. मला माफ कर, बाळा."